पेरिय कोविल ते बीरंगी मेडू

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला: ‘जुनं शहर, पायी’. हा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे युरोप येतो. प्रागमध्ये राज्याभिषेकाच्या मिरवणुकीचा जुना मार्ग आहे. पावडर टॉवरपासून निघून, जुन्या चौकातून, चार्ल्स पूल ओलांडून तो किल्ल्यापर्यंत चढत जातो. तेवढा एक रस्ता चाललं की बोहेमियाच्या राजांची कित्येक शतकं नजरेखालून जातात. मराठी वाचकासाठी असा रस्ता शोधायचा तर तो तंजावूरला आहे, असं मला बरीच वर्षं वाटत आलंय. म्हणून तिथे गेले, आणि मुद्दाम आडी महिन्यात गेले. आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास येणाऱ्या या महिन्यात कावेरीच्या कालव्यांना पाणी असतं आणि सगळं गाव रस्त्यावर उतरलेलं असतं.

जुनं तंजावूर तसं आटोपशीर. नैऋत्येला राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर, त्याला लागून शिवगंगा तळं आणि एक चर्च, तिथून ईशान्येला राजवाडा, आणि राजवाड्याच्या पूर्वेला जुन्या तटाच्या जागेवर एक अजस्र तोफ. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत गेलं तरी तासाभराची वाट आहे. वाटेत अकराव्या शतकातले चोळ भेटतात, सोळाव्या-सतराव्या शतकातले तेलुगूभाषक नायक भेटतात, १६७६च्या सुमारास इथे गादीवर बसलेले आणि १८५५ पर्यंत टिकलेले भोसले भेटतात, जर्मन पाद्री आणि इंग्रज रेसिडेंट भेटतात.

मराठी पाहुणे बहुधा ‘आपलं राज्य’ बघायला येतात. दरबार हॉलमध्ये फोटो काढतात, सांबार संभाजीराजांच्या नावावरून पडलं ही कथा गाइडकडून ऐकतात (तिला कागदाचा आधार नाही), आणि दुपारच्या गाडीने रामेश्वर गाठतात. इथे मराठी फारसं उरलेलं नाही, अशी चुटपुट त्यांना लागून राहते. चालत फिरल्यावर मला वेगळं दिसलं. भोसल्यांनी इथे आधीचं पाडून आपलं उभारलं नाही. जे होतं त्यात ते राहिले, ते सांभाळलं आणि त्याला आपली एक ओसरी जोडली. त्यामुळे त्यांच्या खुणा चोळांच्या भिंतीवर, नायकांच्या दिवाणखान्यात आणि तमिळ पंडितांच्या टेबलावर शोधाव्या लागतात.

मराठा दरवाजा

स्टेशनवरून गांधीजी रोडने उत्तरेला आलं की इर्विन पूल लागतो. खालून वाहतो तो कल्लणै कालवा, १९३४ साली पुरा झालेला. गावात त्याला अजून ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी म्हणतात. आडीच्या अठराव्या दिवशी, आडिपेरुक्कूला, काठावर उभं राहायला जागा नसते. बायका केळीच्या पानावर फळं, हळदकुंकू, काळे मणी आणि ताडपानाची कर्णफुलं मांडून नदीची ओटी भरतात, आणि हळदीचे पिवळे दोरे एकमेकींच्या गळ्यात बांधतात. नव्या नवऱ्या मंगळसूत्राचा दोरा याच दिवशी बदलतात. या सगळ्या गर्दीच्या डोक्यावरून मंदिराचं विमान दिसत असतं.

मंदिराला लोक ‘पेरिय कोविल’, मोठं देऊळ, एवढंच म्हणतात. आत जाताना एकामागे एक तीन दरवाजे ओलांडायचे असतात. सगळ्यात बाहेरचा तो मराठा दरवाजा, मागच्या दोन चोळ गोपुरांपुढे अगदी बेताचा. मग केरळांतकन, मग राजराजन, आणि मग ते विशाल अंगण. विमान १०१० साली पुरं झालं. उंची दोनशे फुटांच्या वर, आणि बांधणी सगळी ग्रॅनाइटची. हा भाग गाळाच्या सपाट जमिनीचा; आसपास डोंगर नाही, खाण नाही. प्रत्येक शिळा लांबून आणलेली आहे.

गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद बोळात भित्तिचित्रं आहेत. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना दिसलं की नायककालीन चित्रांचे पोपडे सुटलेत आणि खाली दुसरीच चित्रं आहेत: राजराजाच्या काळातली, नायकांच्या वेळेपासून झाकलेली. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा नायक थर न फोडता अलगद सोडवून वेगळा जपला, आणि खालचे चोळ मोकळे केले. हा बोळ सर्वांना खुला नसतो. तरी त्याची हकीकत मनात ठेवून बाहेर फिरलं की हे शहर कसं वाचायचं ते कळतं.

पीठावर राजराजाचे तमिळ लेख आहेत. त्यांत देवळाला काय दिलं आणि कुणाला दिलं याचा हिशेब आहे. चारशे नर्तकींची नावं, त्या कुठल्या देवळातून आल्या, कुठल्या रस्त्यावर कितव्या घरात राहतात, इथपर्यंत. तिथून प्राकाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडे, गणपतीच्या देवळापाशी गेलं की भिंतीवर अचानक देवनागरी सुरू होते. हाच तो भोसले वंशचरित्राचा शिलालेख, शके १७२५ म्हणजे १८०३ चा. मजकूर बाबूराय चिटणीसांचा. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याची ख्याती आहे. पुराणातल्या पूर्वजांपासून मालोजी, शहाजी, थोरले शिवाजी महाराज, त्यांचे सावत्रभाऊ एकोजी, आणि तिथून दुसरे सरफोजी यांच्यापर्यंत वंश येतो.

तिथे उभं राहून मी तारखांचा मेळ घातला. सरफोजी गादीवर बसले १७९८ साली. १७९९ च्या तहाने मुलूख आणि महसूल कंपनीकडे गेला, राजांकडे उरला तंजावूरचा किल्ला आणि वर्षासन. त्यानंतर चारच वर्षांनी हा लेख कोरला गेला. ज्याच्याकडे राज्य होतं त्या राजराजाने दानाचा हिशेब कोरला. ज्याचं राज्य गेलं त्या सरफोजीराजांनी आपण कोण हे कोरून ठेवलं. तेही नवं देऊळ न बांधता, आठशे वर्षांच्या जुन्या भिंतीवर. मला या लेखात गर्वापेक्षा काळजी जास्त दिसते.

लेखाच्या जवळच सावलीत एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं. शाळकरी मुलगा बोटाने अक्षरं गिरवत “हिंदी, हिंदी” म्हणाला. पहारेकऱ्याने लांबूनच दुरुस्ती केली, “मराट्टी.” आणि मग त्या मुलाला तमिळमधून सरफोजी मन्नर कोण ते पाच मिनिटं सांगितलं.

शिवगंगेकाठचं चर्च

देवळाच्या उत्तरेला शिवगंगा बाग आहे. देऊळ, तळं आणि बाग मिळून ‘चिन्न कोट्टै’, धाकटा किल्ला. राजवाडा आणि वस्ती असलेला तो ‘पेरिय कोट्टै’, थोरला. धाकट्या किल्ल्यात, शिवपिंडीपासून हाकेच्या अंतरावर, १७७९ साली ख्रिस्ती देऊळ उभं राहिलं. क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी १७५० मध्ये डेन लोकांच्या तरंगंबाडीत उतरला आणि आयुष्यभर या मुलखात राहिला. तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या आधी, दत्तक घेतलेला दहा वर्षांचा मुलगा याच श्वार्ट्झच्या हवाली केला. तेच सरफोजी. गादी चुलते अमरसिंगांकडे गेली, मुलाच्या जिवाला घोर लागला, तेव्हा त्याला मद्रासला ठेवून शिकवायची व्यवस्था श्वार्ट्झने केली. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ गेला आणि त्याच वर्षी सरफोजी राजे झाले.

चर्चमध्ये संगमरवरी उठावचित्र आहे. सरफोजींनी ते लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडातल्या नामवंत शिल्पकाराकडून घडवून घेतलं. म्हातारा श्वार्ट्झ अंथरुणावर आहे, बाजूला त्याचा सोबती पाद्री, पायाशी शाळेतली मुलं, आणि पगडी घातलेले राजे वाकून गुरूचा हात हातात घेताहेत. फ्लॅक्समनने तंजावूर कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या हातांतली ओढ खरी उतरली आहे. राजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले, पुढे काशीयात्रा केली, देवळांना दानं दिली. मास्तरांबद्दलची कृतज्ञता मात्र त्यांनी दगडात, सगळ्यांसमोर मांडली. चर्च बऱ्याचदा बंद असतं; फाटकाशी विचारलं तर उघडून दाखवतात.

राजवीथी

इथून राजवाड्याला जायचा जवळचा रस्ता जुन्या बसस्टँडवरून आहे, पण तो रिक्षावाल्यांसाठी. पायी जाणाऱ्याने मेल राजवीथी धरावी. मेल म्हणजे पश्चिम. मेल, वड, कीळ, तेर्कु अशा चार दिशांच्या चार राजवीथी मिळून जुन्या शहराचा चौकोन होतो आणि राजवाडा त्याच्या पोटात येतो.

या रस्त्यांची रुंदी रथासाठी आहे. लाकडी तेर ओढायला शेकडो माणसं लागतात, पण खरं कसब लागतं ते कोपऱ्यावर. तेराला सुकाणू नसतं. चाकाखाली लाकडी पाचरी सारणारे लोक धावत्या रथाबरोबर चालतात, एका बाजूच्या चाकाला ओठंगण देतात, दुसरं चाक पुढे जातं, आणि डोलत डोलत रथ वळतो. पाचर काढायला क्षणभर उशीर झाला तर रथ दुकानात घुसेल. म्हणून प्रत्येक कोपरा मोकळा ठेवलेला. मोठ्या देवळाचा रथोत्सव जवळजवळ शंभर वर्षं बंद पडला होता. नवा रथ करून २०१५ साली तो पुन्हा याच रस्त्यांवरून निघाला.

मेल राजवीथीवर बंगारू कामाक्षीचं देऊळ आहे. बंगारू म्हणजे सोनं. मूर्ती सोन्याची, पण पुनुगु म्हणजे जवादी माखल्यामुळे काळी दिसते. स्वाऱ्यांच्या धामधुमीत कांचीपुरमहून निघालेली ही देवी गावोगाव फिरत इथे आली आणि तंजावूरच्या राजांनी तिला जागा दिली. तिच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातच श्यामाशास्त्री (१७६२ ते १८२७) झाले. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी ते एक. त्यागराज तिथून दहाएक किलोमीटरवर तिरुवैयारूला राहत. हे सगळं भोसल्यांच्या राजवटीत घडत होतं, हे आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात कधी येत नाही.

पुढे कोपऱ्यावर मूलै आंजनेय, कोपऱ्यावरचा मारुती. हे देऊळ भोसल्यांपैकी प्रतापसिंहराजांच्या काळचं मानतात. शनिवारी तेलाच्या वासाने आणि वड्यांच्या माळांनी कोपरा भरून जातो. शेंदूर नाही, रुईचं पान नाही. तरी समर्थ रामदासांचा संप्रदाय तंजावूरला कसा रुजला असेल ते इथे उभं राहिलं की पटतं. समर्थांचे शिष्य भीमस्वामी इथे मठ करून राहिले. सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावूरला घडल्या, असं परंपरा सांगते.

अरण्मनै

राजवाड्याला इथे ‘अरण्मनै’ म्हणतात. कीळ राजवीथीच्या फाटकातून आत गेलं की आधी वाटतं आपण चुकून सरकारी कचेरीच्या आवारात आलो. एकीकडे कचेऱ्या, एकीकडे तिकीटखिडक्या, पलीकडे राजघराण्याच्या वंशजांचं राहतं घर. या घराण्याकडे आजही अरण्मनै देवस्थानाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आहे आणि देवस्थानाखाली ८८ देवळं आहेत. मोठं देऊळही त्यांतच येतं. मराठी राज्य गेलं त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी भोसल्यांचं हे काम चालू आहे.

वाडा मुळात नायकांचा, सोळाव्या शतकातला. भोसल्यांनी त्यात वाढ केली. गूडगोपुरम हा पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत गेलेला शस्त्रागाराचा मनोरा. त्याच्या समोर कमानींचे मजले चढवलेलं माडमाळिगै. तिथे वर एका देवमाशाचा सांगाडा आहे, ९२ फुटी, १९५५ साली तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेला. शाळेच्या सहली सगळ्यात आधी तिकडे पळतात.

नायकांच्या दरबारात आता कलादालन आहे. त्याची सुरुवात १९५१ सालची. करंदै भागातली पडीक शिल्पं कलकत्त्याचा एक संग्राहक घेऊन जाणार होता, तिथल्या लोकांनी त्याला विरोध केला, आणि त्या भांडणातून शहराला स्वतःचं दालन मिळालं. मध्यभागी सरफोजीराजांची पांढरी संगमरवरी मूर्ती हात जोडून उभी आहे. मी मात्र बराच वेळ थांबले ती तिरुवेण्काडूच्या वृषभवाहनापाशी. १०११ सालचा कांस्य शिव. मूळ घडणीत शेजारी नंदी होता, आज नाही. शिवाचा हात नंदीच्या पाठीवर टेकलेला होता, तो आता हवेत तसाच निवांत रेललेला आहे. एक पाय दुसऱ्यापुढून तिरपा, केसांचा फेट्यासारखा गुंडाळा, त्यात साप. बोटांत कुठे ताण नाही. अभाव इतका सुंदर दिसू शकतो हे मला या मूर्तीने दाखवलं.

मराठा दरबार तंजावूरच्या शहाजीराजांच्या काळचा, १६८४ च्या सुमाराचा. जाड खांब, कमानी, त्यांवर तांबडा, निळा, पिवळा रंग, गादीचा चौथरा, आणि भिंतींवर देवादिकांची चुन्यातली उठावाची चित्रं. फोटो काढणाऱ्यांची गर्दी इथेच. थोडं मागे सरकून वर पाहावं: कमानी आपल्याकडच्या, चुनेगच्ची दक्षिणेतली, कारागीर इथलेच.

सरस्वती महाल

राजवाड्याच्या याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे, आणि माझ्या मते तंजावूरला येण्याचं खरं कारण हेच आहे. बीज नायकांचं, भोसल्यांनी ते वाढवलं, आणि सरफोजीराजांनी त्याचं आजचं रूप घडवलं. सुमारे ४९ हजार हस्तलिखितं, त्यांपैकी ३९ हजारांच्या आसपास संस्कृत, साडेतीन हजार तमिळ, तीन हजारांवर मराठी, शिवाय तेलुगू. १८२०च्या सुमारास राजे काशीयात्रेला गेले तेव्हा लवाजम्यात पंडित आणि लेखनिक होते. यात्रेच्या वाटेवर पोथ्या विकत घेतल्या, विकत न मिळालेल्या नकलून घेतल्या, आणि काशीच्या घाटांची चित्रं काढून आणली.

पाहुण्यांसाठी एक लहानसं दालन आहे. ताडपत्रावरचं रामायण, हत्तींवरचे ग्रंथ, फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँच्या माणूस आणि जनावर यांच्या चेहऱ्यांतलं साम्य दाखवणाऱ्या आकृत्या, जुने नकाशे. काचेआड नेत्ररोग्यांच्या नोंदी दिसतात. सरफोजींच्या धन्वंतरी महालात वैद्यक चाले, आणि राजे स्वतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत रस घेत. प्रत्येक रोग्याची हकीकत, उपचार आणि सोबत डोळ्याचं रंगीत चित्र, आधीचं आणि नंतरचं. आजच्या नेत्रतज्ज्ञांनीही या कागदांचा अभ्यास केला आहे.

दालनाच्या मागे खरं काम चालतं. ताडपत्राच्या पोथीला दोन शत्रू, कोरडेपणा आणि कीड. पान सुकलं की कडकडून तुटतं, म्हणून गवती चहाच्या जातीच्या गवताचं तेल मऊ फडक्याने पानावर चोळतात. तेलाने पान लवचिक होतं आणि वासाने कीड दूर राहते. अक्षरं कोरलेली असल्यामुळे पुसट झाली तर वरून काजळी चोळायची आणि पुसायची. काजळी फक्त खाचांत राहते, ओळी पुन्हा ठळक दिसतात. मग दोन फळ्यांमध्ये बांधून, कापडात गुंडाळून, शेजारी एक पुरचुंडी. तिच्यात वेखंड, मिरे, लवंग, दालचिनी, काळं जिरं आणि कापूर. कपाट उघडलं की मसाल्याच्या डब्यासारखा वास येतो. एका कर्मचाऱ्याने माझ्यासमोर एक पान तेलाने पुसलं. अंगठा पानाच्या कडेला, चार बोटं खाली, आणि फडकं नेहमी एकाच दिशेने. उलट फिरवलं तर तंतू उठतात, त्यांनी सांगितलं.

मराठी विभागात रामदासी पोथ्या आहेत, नाटकं आहेत, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे. सरफोजींनी १८०५ मध्ये देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ साली त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ निघाली: इसापाच्या गोष्टी, मराठी करणारे सख्खण पंडित. मुंबईत ‘पंचोपाख्यान’ छापलं गेलं १८२२ साली. मराठी मुलांसाठी छापील गोष्टींचं पुस्तक कावेरीकाठी आधी झालं, ही गोष्ट मला थोडीही लहान वाटत नाही.

आणि मग मोडी दफ्तर. तंजावूर दरबाराचे तेराशेहून जास्त रुमाल. लाल-पांढऱ्या फडक्यांतले हे गठ्ठे म्हणजे वाड्याचा रोजचा संसार: मुदपाकखान्याचा खर्च, नाचणाऱ्यांचे पगार, हत्तीचा चारा, छत्रांतलं अन्नदान, औषधांच्या पाककृती, साहेबाला दिलेल्या मेजवानीतल्या मेणबत्त्या. यातले बरेच कागद तमिळमध्ये उतरवले गेले आहेत. तमिळ विद्यापीठाने १९८९ साली अशा भाषांतरांचे तीन खंड काढले. म्हणजे आपल्या भाषेतल्या या कागदांवर आज सर्वांत सहज काम करू शकतो तो तमिळ वाचक. मोडी शिकून, उच्चार शिकून, आपल्या मातृभाषेत नसलेल्या शब्दांशी झगडून हे काम करणाऱ्या पंडितांचं ऋण आपण मानायला हवं. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग भरतात, दरवर्षी शेकडो मुलं शिकतात, आणि बहुतेकांचं मोडी प्रमाणपत्राच्या चौकटीत थांबतं. त्यांतल्या कुणी दोन महिने इथे काढले तर कामाला तोटा नाही.

हे सगळं वाचलं कसं, तेही सांगायला हवं. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले. कंपनीने राज्य खालसा केलं आणि वाड्यातल्या खाजगी मालमत्तेलाही कुलुपं ठोकली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासला त्यांचा दावा मान्य झाला, पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की ही राज्यसत्तेची कृती आहे, तिच्यावर कोर्टाला अधिकार नाही. हिंदुस्थानच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला अजून शिकवतात. मालमत्ता पुढे घराण्याला परत मिळाली. ए. सी. बर्नेल या अधिकाऱ्याने संस्कृत पोथ्यांची सूची केली, ती १८८० मध्ये छापून निघाली आणि जगाला या कपाटांत काय आहे ते कळलं. १९१८ साली ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं.

बीरंगी मेडू

राजवाड्यातून पूर्वेला निघालं की कीळ अलंगम लागतं. अलंगम म्हणजे तट. तट बराचसा गेला, पण पत्ता म्हणून नाव राहिलं: कीळ अलंगम, मेल अलंगम, वड अलंगम. अरुंद बोळ, दारात रांगोळी, सायकली, आणि शेवटी एक उंचवटा. वर बीरंगी, तोफ.

रघुनाथ नायकाच्या काळातली ही तोफ, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. लांबी पंचवीस फुटांच्या घरात, वजन बावीस टनांच्या आसपास. ती ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या गोल मांडल्या, वरून तापवलेली कडी एकापाठोपाठ एक चढवली, आणि ती थंड होऊन आवळली. मग पुन्हा तापवून ठोकून सगळं एकजीव केलं. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी तिचा अभ्यास केला होता. हात फिरवला की कड्यांचे जोड बोटांना लागतात. त्याच रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डेन्मार्कच्या राजाशी तह करून तरंगंबाडी दिली. श्वार्ट्झ आला तो त्याच वाटेने.

रायरांच्या घरी

संध्याकाळी मी परत मेल राजवीथीकडे वळले. तिथल्या एका मराठी घरी जायचं ठरलं होतं. इथल्या देशस्थांना शेजारीपाजारी ‘रायर’ म्हणतात, म्हणजे राव. बडोदे, इंदूर, त्रावणकोर अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव याच समाजातले, कुंभकोणमचे. घरात मराठी बोलतात. शब्द आपले, हेल तमिळ, मधूनच एखादं असं क्रियापद की जे मी फक्त बखरीत वाचलं होतं. लिहिता मात्र तमिळच येतं.

ऐंशीच्या पुढच्या आजींनी पितळी डवऱ्यात कापी आणली आणि विचारलं, “तिकडे कीर्तनं होतात का अजून?” मग त्याच सांगू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांची मराठी कीर्तनं तंजावूरला झाली. ती ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद तेव्हा तमिळ कथेत आले ते आजपर्यंत आहेत. आजींनी एक तमिळ साकी गुणगुणून दाखवली. चाल ओळखीची, शब्द एकही नाही.

भाषांची ही सरमिसळ जुनी आहे. शहाजीराजांनी (१६८४ ते १७१२) तेलुगूत लिहिलं, मराठीतही लिहिलं. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांच्या काळचं नाटक मराठीतल्या पहिल्या नाटकांत मोजतात. विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ आलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८४३ साली. आणि शहाजीराजांचं ‘पंचभाषाविलास’ तर कमालच आहे. कृष्णाशी लग्न करायला द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तर हिंदुस्थानातल्या राजकन्या येतात, प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते, संस्कृत पाचवी. कुणी कुणासाठी भाषा सोडत नाही आणि कुणाचं अडतही नाही. प्रेक्षक हे सगळं समजत बसलेले असणार, हेच मला तंजावूरच्या दरबाराचं सर्वांत मोठं वैभव वाटतं.

निघताना आजींच्या मुलाने कपाटातून एक जाड चोपडी काढली. त्यांचे कुणी पूर्वज वाड्याच्या कोठारात कारकून होते. पहिलं पान मोडी. घरात कुणाला येत नाही. मी अक्षर अक्षर लावत ‘हिंग’ आणि ‘तुरीची डाळ’ एवढं काढलं आणि पुढे अडकले. आजी म्हणाल्या, “महालातल्या पंडितांना पाठवा.” सुनेने पहिल्या चार पानांचे फोटो काढून तिथल्या तिथे पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, तमिळमध्ये. रामनवमीच्या पंगतीचा हिशेब आहे, रकमा चक्रम आणि पणमात आहेत. खाली एक सूचना होती: पुढची पानं ओल लागून चिकटलेली दिसतात, ती घरी उलगडू नका, चोपडी आहे तशी कापडात गुंडाळून सोमवारी घेऊन या.